इंग्रजीचे जुळे शब्द आणि मराठी कान

इंग्रजी ऐकण्याचा सराव सुरू करायचा म्हटले की पहिली जोडी ठरलेली असते: शिप आणि शीप, म्हणजे जहाज आणि मेंढी. ॲन बेकर यांचे याच जोडीच्या नावाचे पाठ्यपुस्तक केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने १९७७ साली काढले आणि ते जगभर चालले. अशा जोड्यांच्या याद्या आज स्पोकन इंग्लिशच्या वर्गांत, गाइडांत आणि मोबाइलच्या ॲपांत सगळीकडे दिसतात. याद्या करणाऱ्यांसमोर जगभरचे विद्यार्थी होते. त्यामुळे त्यांत राइट-लाइट असते, कारण जपानी माणसाला र आणि ल वेगळे काढणे जड जाते. पिन-बिन असते, कारण अरबीत प नाही. मराठी विद्यार्थी यादी घेऊन बसतो, यातल्या कितीतरी जोड्या त्याला पहिल्या फटक्यात जमतात, आणि तरीही अमेरिकेहून आलेल्या फोनवर समोरचा "जमेल" म्हणाला की "जमणार नाही" म्हणाला, हे त्याला कळत नाही. या विषयावरच्या साहित्यात मला खटकते ते हे. मराठी कान नेमका कुठे अडतो हे पाहून शिकवणे आपल्याकडे जवळपास होतच नाही.

कान अडतो म्हणजे तो मंद असतो असे नाही. निकोलाय त्रुबेत्स्कोय या रशियन भाषावैज्ञानिकाने १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणी म्हटले होते. परकी भाषा आपण आपल्याच भाषेच्या चाळणीतून ऐकतो, आणि जो फरक आपल्या भाषेत अर्थ बदलत नाही तो चाळणीत अडकून राहतो. ही चाळणी किती लवकर तयार होते, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात दाखवले. त्यांच्या प्रयोगातला फरक आपल्या ओळखीचा आहे: त आणि ट. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतले हे दोन आवाज सहज वेगळे ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांची झाली तेव्हा त्यांतल्या बहुतेकांना ते जमेनासे झाले. हिंदी घरांतल्या बाळांना ते जमतच राहिले. हाच नियम उलट्या दिशेने आपल्याला लागू होतो. इंग्रज माणसाला 'ताक' आणि 'टाक' सारखे वाटतात म्हणून आपल्याला नवल वाटते. पण तितक्याच ढोबळ जागा आपल्या कानातही आहेत.

सर्वांत दुर्लक्षित जागा शब्दाच्या अगदी सुरुवातीला आहे. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेच्या ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी १९६४ साली अकरा भाषांतल्या स्फोटक व्यंजनांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्या अकरांत मराठी होती. ओठ उघडण्याचा क्षण आणि कंठातला घोष सुरू होण्याचा क्षण यांत किती अंतर पडते, हे ते मोजत होते. मराठीत प, फ, ब, भ अशी चार घरे आहेत. इंग्रजीत फक्त दोन. आपला ब ओठ उघडण्याच्या सुमारे १०० मिलिसेकंद आधीच घुमायला लागतो. इंग्रजीचा शब्दारंभीचा ब मात्र पुष्कळदा ओठ उघडल्यावरच घुमू लागतो, म्हणजे तो आपल्या 'प'च्या घरात येऊन बसतो. आणि इंग्रजीचा प? त्यात ५८ मिलिसेकंदांच्या आसपास हवेचा झोत असतो, म्हणजे तो आपल्या 'फ'कडे सरकतो. इंग्रज माणूस 'बिन' म्हणतो तेव्हा मराठी कानाला 'पिन' ऐकू येण्याची शक्यता असते, आणि तो 'पिन' म्हणतो तेव्हा 'फिन'. आपल्याकडे पुष्कळ लोक 'फ'चा उच्चार दात लावून करतात आणि इंग्रजीतल्या फॅन, फाइलसाठीही तोच फ लिहितात. मग पॅन आणि फॅन, पाइल आणि फाइल या जोड्याही घसरू लागतात. भारतीय उच्चाराचे इंग्रजी ऐकत वाढलेल्याला हा झोत भेटतच नाही, कारण आपण सगळे 'पॅन'मधला प साधाच म्हणतो. यावर उपाय सोपा आहे आणि तो कोणी सांगत नाही: इंग्रजीत प-ब, ट-ड, क-ग वेगळे करताना घुमण्याकडे कान देऊ नये, हवेच्या झोताकडे द्यावा. झोत असेल तर प, नसेल तर ब.

दुसरी जागा व्ही आणि डब्ल्यू या अक्षरांची. मराठीने इथे एक तोडगा काढला आहे. डब्ल्यूसाठी आपण 'व' लिहितो आणि व्हीसाठी 'व्ह': वॉच, पण व्हॅन. हा फरक हिंदीत सहसा दाखवत नाहीत, तेव्हा मराठीचे कौतुकच करायला हवे. पण 'व्ह' वाचताना आपण करतो काय? 'जेव्हा' किंवा 'नव्हता' मध्ये करतो तेच: 'व'मध्ये श्वास मिसळतो. इंग्रजी व्हीमध्ये तो श्वास मुळीच नाही. तिथे वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि घर्षणाची बारीक गुणगुण होते. डब्ल्यूमध्ये दात कुठेच लागत नाहीत, ओठ गोल होतात. म्हणजे मराठी कान ज्या खुणेची वाट पाहत असतो ती खूण इंग्रजीत येतच नाही. त्यात भर म्हणून ज्या शब्दांच्या सुरुवातीला डब्ल्यूपाठोपाठ एच असतो, त्यांनाही आपण 'व्ह'च लावतो. देवमासाही व्हेल आणि चेहऱ्यावरचा जाळीदार पडदाही व्हेल. 'त्या वेळात' या अर्थाचा शब्दही व्हाइल आणि 'नीच' या अर्थाचाही व्हाइल. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिकेचा काही भाग सोडला तर देवमाशाच्या नावात आज 'ह' कोणी म्हणत नाही. तिथे ऐकू येतो तो साधा गोल ओठांचा 'व'. या जोडीत कानापेक्षा डोळा जास्त कामाचा आहे. बोलणाऱ्याचे तोंड दिसत असेल तर दात लागले की नाही हे स्वच्छ दिसते. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली दाखवून दिले की ओठांची हालचाल बदलली तर ऐकू येणारे अक्षरच बदलते. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा चालू ठेवायला सांगण्याचे हे एक चांगले कारण आहे.

'ज'ची गंमत वेगळी. मराठीला दोन ज आहेत, 'जग'मधला दंत्य आणि 'जन'मधला तालव्य, झचेही तसेच. त्यामुळे इंग्रजीचा झेड आणि जे आपण वेगळे ओळखायला हवेत, आणि पुष्कळ शब्दांत ओळखतोही. पण इ आणि ए या स्वरांच्या आधी मराठी दंत्य उच्चार टिकू देत नाही. 'माझा' म्हणताना जीभ दातांपाशी असते, 'माझी' म्हणताना ती मागे टाळूकडे जाते. म्हणून झेस्ट (उमेद) आणि जेस्ट (थट्टा) एकच वाटतात. अमेरिकन माणूस शेवटच्या अक्षराला 'झी' म्हणतो तेव्हा ते 'जी' ऐकू येते, आणि स्पेलिंग लिहून घेणाऱ्याचे एक अक्षर चुकते.

आता स्वर. इथे आपल्या शाळांनी केलेले नुकसान मोठे आहे असे माझे स्पष्ट मत आहे. शिप ऱ्हस्व आणि शीप दीर्घ, असे शिकवले जाते. मराठीत इकाराची लांबी शब्दातल्या जागेवर ठरते: 'गरीब', पण 'गरिबाला'. 'दिन' आणि 'दीन' लिहिताना वेगळे, बोलताना बहुतेकांच्या तोंडी सारखेच. म्हणजे लांबीवरून अर्थ ठरवायची सवय आपल्या कानाला नाही, आणि तीच खूण आपण त्याच्या हाती देतो. इंग्रजीत या दोन स्वरांमधला मुख्य फरक जिभेच्या जागेचा आहे. 'शीप'मध्ये जीभ वर आणि पुढे ताणलेली असते. 'शिप'मध्ये ती सैल आणि थोडी खाली, ए-काराच्या दिशेने. लांबी मात्र दुसऱ्याच कामाला जुंपलेली असते. शब्दाच्या शेवटी अघोष व्यंजन आले (प, ट, क, स) की आधीचा स्वर आखडतो. घोष आले (ब, ड, ग, झ) की तो पसरतो. गॉर्डन पीटरसन आणि इल्से लेहिस्टे यांनी १९६० साली मोजले तेव्हा हे प्रमाण साधारण दोनास तीन निघाले. 'शीप'च्या शेवटी प आहे, त्यामुळे त्यातला 'दीर्घ' ई आखूडच असतो. 'सीट'मधला ई आणि 'किड'मधला इ लांबीने एकमेकांच्या फार जवळ येतात. ऱ्हस्व-दीर्घाचा नियम घेऊन ऐकणाऱ्याने इथे काय करावे?

हेच सूत्र दुसरीकडे उपयोगी पडते. बॅक आणि बॅग, कॅप आणि कॅब, राइट आणि राइड, प्राइस आणि प्राइझ. मराठीत 'भाक' आणि 'भाग' यांतला फरक शेवटच्या व्यंजनात ऐकू येतो, कारण ते आपण मोकळे करतो. इंग्रजीत, विशेषतः भरभर बोलताना, शेवटचे व्यंजन तोंडातच दाबले जाते आणि ऐकू येते ती फक्त स्वराची लांबी. पीटर डेनिस यांनी १९५५ साली 'वापर' या अर्थाचे नाम आणि 'वापरणे' हे क्रियापद, म्हणजे यूस आणि यूझ, यांवर प्रयोग केला. व्यंजन अघोषच ठेवून स्वर आणि व्यंजन यांच्या लांबीचे प्रमाण बदलले, तर ऐकणाऱ्यांना नामाचे क्रियापद ऐकू येऊ लागले. मराठी माणूस व्यंजनाची वाट पाहत बसतो; त्याने स्वर ऐकायला शिकले पाहिजे.

ॲ या स्वराबाबत आपण सुदैवी आहोत. बॅट आणि बेट यांसाठी मराठी लिपीत स्वतंत्र खुणा आहेत आणि कानही तयार आहे. डच लोकांकडे हा भेद नाही. आंद्रेया वेबर आणि ॲन कटलर यांनी २००४ साली त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या, तेव्हा 'पांडा' ऐकताना त्यांची नजर पेन्सिलीच्या चित्राकडे वळून रेंगाळत होती. शब्द अखेर बरोबर कळला तरी वेळ गेलेला असतो, आणि चालू संभाषणात तेवढ्या वेळात पुढचे चार शब्द निघून जातात.

सर्वांत महाग पडणारी जोडी दोन अगदी साध्या शब्दांची आहे: कॅन आणि कान्ट. आपल्याला ब्रिटिश उच्चार शिकवला जातो, त्यात स्वरच वेगळा असल्यामुळे नकार चुकत नाही. अमेरिकन माणूस दोन्हींत ॲ म्हणतो आणि शेवटचा ट गिळतो. मग फरक कशावरून करायचा? होकारी वाक्यात हा शब्द दुबळा होतो, त्याचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो: "आय क्‌न डू इट", आणि जोर 'डू'वर पडतो. नकारात तो शब्द पूर्ण स्वरानिशी येतो, त्यावर जोर असतो, आणि शेवटी आवाज एकदम थांबतो. मराठी कान नेमके उलटे करतो. स्पष्ट 'कॅन' ऐकू आला की त्याला होकार वाटतो, खरे तर तिथेच नकाराची शंका घ्यायला हवी. एखाद्या प्रकल्पाची मुदत या एका अक्षरावर उलटीपालटी होऊ शकते, म्हणून ही जोडी शिप-शीपच्या कितीतरी आधी शिकवायला हवी.

संख्यांचेही असेच. फिफ्टीनमध्ये जोर शेवटी आणि फिफ्टीमध्ये सुरुवातीला, हा नियम पुस्तकात असतो. सुटा शब्द असेल तेव्हा तो खरा आहे. पण 'फिफ्टीन मिनिट्स' म्हटले की जोर सरकून पुढे येतो आणि नियम कोसळतो. त्यापेक्षा भरवशाच्या खुणा दोन. एक, शेवटचा न. दुसरी, ट: 'थर्टीन'मधला ट झोतासह स्वच्छ येतो, तर अमेरिकन तोंडी 'थर्टी'मधला ट मऊ होऊन ड आणि र यांच्या मधे कुठेतरी जातो. आयइएलटीएसच्या ऐकण्याच्या परीक्षेत साधारण तीस मिनिटांत चाळीस प्रश्न असतात आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. पहिल्याच भागात नावांची स्पेलिंगे, फोन नंबर, किमती येतात. तिथे हे तपशील थेट गुणांत मोजले जातात.

काही जोड्या मात्र सोडून द्याव्यात, कारण बोलणाऱ्याच्या तोंडातच त्या वेगळ्या नसतात. अमेरिकेत 'मेटल' (धातू) आणि 'मेडल' (पदक) एकसारखे होतात. कॅनडात 'कॉट' आणि 'कॉट' (खाट आणि पकडले) हा भेद मिटला आहे. काही ठिकाणी जोडी मिटत नाही, पण स्वर सरकतात: न्यूझीलंडमध्ये 'पेन' आपल्याला 'पिन' ऐकू येते आणि 'बॅड' हे 'बेड'. ऑकलंडला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला पहिले काही आठवडे कानाची नव्याने जुळवाजुळव करावी लागते. लंडनकडच्या तरुण पिढीचा ॲ आता आ-काराकडे झुकतो. एकाच आवाजावर तयार झालेला कान अशा ठिकाणी टिकत नाही.

आणि टू (दोन), टू (कडे), टू (सुद्धा) यांसारखे शब्द तर कोणताच कान वेगळे काढू शकत नाही. तिथे वाक्याची रचना आणि प्रसंगच अर्थ सांगतात, आणि बहुतेक वेळा ते पुरते. पुरले नाही तर काय होते याचे उदाहरण १९ फेब्रुवारी १९८९चे आहे. सिंगापूरहून क्वालालंपूरला येणाऱ्या फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू ७४७ विमानाला नियंत्रकाने २४०० फुटांवर उतरायला सांगितले, अंक सुटे म्हणत, "डिसेंड टू फोर झीरो झीरो." वैमानिकाने पहिला 'टू' हा 'पर्यंत' या अर्थाचा धरला आणि "फोर झीरो झीरो" असे उत्तर दिले. ती चूक कोणी पकडली नाही. विमान टेकडीवर आदळले आणि आतले चौघेही गेले. कॉकपिटमध्ये इतरही चुका झाल्या होत्या, पण सुरुवात या एका अक्षराने झाली.

शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हेही पुष्कळदा कळत नाही. अर्विन पोलॅक आणि जे. एम. पिकेट यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला ओघवत्या संभाषणातून सुटे शब्द कापून लोकांना ऐकवले, तेव्हा इंग्रजीभाषकांनाच त्यांतले निम्मे ओळखता आले. उरलेले काम संदर्भ करतो. ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी १९८७ साली दाखवले की इंग्रजी संभाषणातले दहातले नऊ अर्थवाही शब्द ठाशीव अक्षराने सुरू होतात. इंग्रज श्रोता म्हणूनच जोर आला की नवा शब्द सुरू झाला असे धरतो. ही सवय आपल्यालाही लावून घेता येते. न ऐकू आलेला शब्द अनेकदा आपल्याला ठाऊकच नसतो, हेही मान्य करायला हवे. मेंदू अनोळखी शब्दाच्या जागी जवळचा ओळखीचा शब्द बसवतो, आणि दोष कानाला मिळतो. शब्दसंग्रह वाढवणे हाही ऐकण्याचाच अभ्यास आहे.

फोनचा प्रश्न थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीच्या फोनवर ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. स आणि फ यांना वेगळे करणारी ऊर्जा त्याच्या वर असते, म्हणून 'एस' आणि 'एफ' फोनवर एक होतात. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी १९५५ साली गोंगाटात १६ व्यंजने ऐकवली, तेव्हा इंग्रजीभाषकांनीही प-ट-क यांची आपसांत आणि म-न यांची आपसांत गल्लत केली. "एम फॉर मुंबई, एन फॉर नागपूर" असे बँकेच्या फोनवर आपण म्हणतो, ते त्यामुळे अगदी योग्य आहे.

कान सुधारतो का? सुधारतो, पण जादूने नाही. इंडियाना विद्यापीठात जॉन लोगन, स्कॉट लाइव्हली आणि डेव्हिड पिझोनी यांनी १९९१ साली जपानी श्रोत्यांना र-लच्या जोड्या ऐकवल्या. आवाज वेगवेगळ्या माणसांचे, शब्दांतल्या जागा वेगवेगळ्या, आणि प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर की चूक हे सांगायचे. तीन आठवड्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवरून ८६ वर गेले. पुढच्या प्रयोगांत दिसले की एकाच माणसाच्या आवाजावर शिकलेल्यांना नवा आवाज आला की शिकलेले वापरता येत नाही. अनेक आवाजांवर शिकलेल्यांचा फायदा काही महिन्यांनंतरही टिकतो. १९९७ साली ॲन ब्रॅडलो आणि सहकाऱ्यांना आढळले की फक्त ऐकण्याच्या सरावाने उच्चारही सुधारतात.

आपल्याकडे गणित उलटे मांडले गेले. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरचा अभ्यास १९६९ साली आला, आणि तो महत्त्वाचाच आहे. पण त्याचा प्रश्न होता, आपले बोलणे इतरांना कळते का. त्यांचे बोलणे आपल्याला कळते का, हा प्रश्न मागेच राहिला. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. वर्गात मूल ऐकते एका शिक्षिकेचा आवाज, तोही स्पेलिंगवरून बांधलेल्या उच्चारांचा. बाई डिक्टेशन घालतात तेव्हा शब्द सुटा, सावकाश आणि प्रत्येक अक्षर मोकळे करून म्हणतात. त्यात दुबळा 'कॅन' येत नाही, गिळलेला ट येत नाही. दोष बाईंचा नाही, त्यांना दुसरे साधन दिलेलेच नाही. जॉन फील्ड यांनी २००८ सालच्या आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे: ध्वनिफीत लावायची, प्रश्न विचारायचे आणि उत्तरे तपासायची, ही परीक्षा झाली, ऐकायला शिकवणे वेगळे. चुकलेले उत्तर कोणत्या आवाजावर चुकले हे शोधून तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवणे, हे शिकवणे.

सराव करायचा तर मराठी कानाच्या जागा घ्याव्यात: झोतावरून प-ब, दातांवरून व्ही-डब्ल्यू, इ-ए आधीचे झेड-जे, स्वराच्या लांबीवरून शेवटचे व्यंजन, आणि सर्वांत आधी कॅन-कान्ट. रोज दहा मिनिटे, चार-पाच देशांतले आवाज, सुटा शब्द नव्हे तर पूर्ण वाक्य, आणि उत्तर लगेच पडताळायचे.

तरीही चुका राहतील, इंग्रजीभाषकांच्याही राहतात. विमानवाहतुकीने हे केव्हाच मान्य केले. १ मार्च १९५६ पासून चालू असलेली अल्फा-ब्राव्हो ही अक्षरमाला त्यातूनच आली, आणि रेडिओवर थ्रीला 'ट्री', फाइव्हला 'फाइफ', नाइनला 'नाइनर' म्हणायचे असा नियम झाला. रुग्णालयांसाठीही सूचना अशीच असते: तोंडी सांगितलेली मात्रा "फिफ्टीन, वन-फाइव्ह" अशी अंक सुटे करून म्हणायची आणि ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवायची. लंडनच्या वॉर्डात काम करणाऱ्या आपल्या परिचारिकेने डॉक्टरांना "फिफ्टी म्हणजे फाइव्ह-झीरो ना?" असे उलट विचारले, तर ते तिच्या इंग्रजीचे उणेपण समजू नये. तो त्या कामाचाच भाग आहे, आणि हे तिला निघण्याआधी, इथल्या नर्सिंग कॉलेजातच शिकवले पाहिजे.